आधी एक रात्र गच्चीवर

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या आणि क्लासेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ येते. वर तंबू आणि शेकोटीचं चित्र, खाली यादी. टॉर्च, पाण्याच्या २ बाटल्या, ओडोमॉस, जुनी चादर, ताट-वाटी-पेला, सुका खाऊ, जास्तीचे मोजे, मौल्यवान वस्तू आणू नयेत. आणि सगळ्यात शेवटी पालकांच्या सहीसाठी तो ठरलेला परिच्छेद, आम्ही आमच्या पाल्यास स्वतःच्या जबाबदारीवर पाठवत असून काही बरंवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. सही करा, फोटो काढा, ग्रुपवर टाका. झाली पोराची मुक्कामी कॅम्पची तयारी.

मी गेली चौदा-पंधरा वर्षं डोंबिवलीच्या एका हौशी ग्रुपबरोबर सातवी ते दहावीच्या पोरांना घेऊन सह्याद्रीत रात्रीच्या मुक्कामाला जातेय. पगार वगैरे काही नाही, हौस. आणि आता माझं ठाम मत झालंय की तयारीत ही यादी सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी पाहिजे एक सरावाची रात्र. शाळेच्या मैदानात, सोसायटीच्या गच्चीवर, कुठेही, घरापासून हाकेच्या अंतरावर पण घरात नाही. ती काढल्याशिवाय कुठल्याही पोराला गडावर किंवा धरणाकाठी झोपायला नेऊ नये, नेणाऱ्याने नेऊ नये आणि पाठवणाऱ्याने पाठवू नये. हे ऐकून लोक हसतात. गच्चीवर झोपायला काय ट्रेनिंग लागतं? तर सांगते.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत राजमाचीला गेलो होतो, कोंदिवड्याच्या बाजूने चढून. वाटेत कोंढाण्याची लेणी बघितली, दुपार उलटल्यावर वर उधेवाडीत पोचलो, पिठलं-भाकरी आणि ठेचा, मग अंगणात गाणी, सगळं अगदी छान चालू होतं. रात्री अडीचला मला जाग आली ती कोणीतरी ओकतंय त्या आवाजाने. आठवीतली मुलगी, भिंतीला टेकून बसलेली, डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलेलं, पायात गोळे आलेले. आम्हाला वाटलं ऊन लागलं असेल, मग वाटलं पिठलं बाधलं. इलेक्ट्रलचं पाणी घोट घोट देत बसलो आणि पहाटे जरा हुशारी आल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, मी दुपारपासून पाणीच नाही प्यायले." का गं? "रात्री जावं लागलं असतं ना बाहेर." संडास घरामागे होता, मोजून चाळीसेक पावलं, पण अंधार होता आणि मध्ये म्हशी बांधलेल्या होत्या. नंतर हळूहळू बाकीच्या पोरींनाही विचारलं तर अकराजणींपैकी सातजणींनी हेच केलेलं. पीडीएफमध्ये २ बाटल्या लिहिल्या होत्या, आणल्या होत्या सगळ्यांनी, आणि बऱ्याच जणींच्या भरलेल्याच्या भरलेल्या परत घरी गेल्या.

पण मला त्याहून लागलेली गोष्ट पुढची आहे. मी विचारलं डोकं कधीपासून दुखतंय, तर म्हणाली अकरापासून. म्हणजे साडेतीन तास ती पोरगी माझ्यापासून आठ फुटांवर त्या दुखण्यात पडून होती. "अगं मग उठवायचंस ना मला." "तुम्ही झोपला होतात."

हे एवढं वाक्य. माझं म्हणणं सगळं या वाक्यावर उभं आहे. झोपलेल्या मोठ्या माणसाला हलवून उठवायचं आणि मला काहीतरी होतंय असं सांगायचं, हे आपल्या पोरांना येत नाही. त्यांना ते असभ्य वाटतं, भीती वाटते की हसतील, ओरडतील, नाटकी म्हणतील. आणि खरं सांगायचं तर म्हणतातच. कॅम्पवर "ए रडूबाई" आणि "आईला फोन लावू का" हे किती वेळा ऐकू येतं ते मोजा एकदा, त्यात लीडर लोकही मागे नसतात.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं, आम्ही हाफ चड्डीवर हरिश्चंद्रगड केला, खिरेश्वरहून रात्री चढलो, कोणी सराव नाही दिला. दिला होता हो. दिसला नाही एवढंच. मे महिन्यात मामाकडे गेलात की अंगणात ओळीने गोधड्या टाकून पंधरा भावंडं झोपायची तो सराव होता. रात्री परसाकडला जायचं तर मोठ्या बहिणीला उठवायचं, ती करवादत कंदील घेऊन यायची, तो सराव होता. विहिरीवर उगाच वाकायचं नाही, काडी लावली की पूर्ण विझवायची, चप्पल झटकून घालायची, हे कोणी क्लास लावून शिकवलं नव्हतं पण शिकवलं होतं. मी स्वतः पहिल्यांदा घराबाहेर सलग रात्री काढल्या त्या कॉलेजच्या एनएसएसच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात, झेडपीच्या शाळेत सतरंजीवर, पण तोपर्यंत माझ्या आजोळच्या दहा उन्हाळ्यांची शिदोरी होती. आजच्या टू बीएचकेतल्या पोराला बेडरूमला लागून बाथरूम आहे, पॅसेजमध्ये रात्रभर दिवा आहे, आणि गावचं घर एक तर विकलंय नाहीतर तिथेही एसी बसलाय. त्यात त्याचा काही दोष नाही. पण म्हणून त्याला सरळ उचलून डोंगरावर नेऊन टाकायचं आणि वर म्हणायचं की आताची पिढी नाजूक आहे, हे काही बरोबर नाही.

(आणि हो, उधेवाडीतल्या सहा वर्षांच्या पोरीला यातलं काही शिकवावं लागत नाही, ती आमच्या नववीतल्या मुलांना हात धरून आडोसा दाखवून आली होती. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं अख्खा हंगाम फडाशेजारी कोपीत झोपतात, त्यांना कोणी लाइफ स्किल्सचं सर्टिफिकेट देत नाही. आपण ज्याचे हजार-दोन हजार भरतो ते काय आहे याचं जरा भान असावं, एवढंच.)

तर गच्ची. आम्ही काय करतो ते सांगते, यात काही फार मोठं नाहीये. शनिवारी संध्याकाळी सातला यायचं ते रविवारी सकाळी सातला जायचं. सॅक स्वतः भरायची, आईने हात लावायचा नाही ही एकच अट पालकांना. पहिल्या वर्षी रात्री नऊला गच्चीवरचे दिवे बंद केले आणि सांगितलं, आपापल्या बॅगेतून अंधारात टॉर्च काढा. दहा मिनिटं नुसती खसखस, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे आवाज, एकाची डब्याची लाडवं सांडली. आणि एक सातवीतला बहाद्दर कोपऱ्यात जाऊन दबक्या आवाजात फोनवर, "आई, टॉर्च कुठल्या कप्प्यात ठेवलीयस?" म्हणजे अट मोडली होती ते असं कळलं. तिसऱ्या मजल्यावरून आईचा आवाज आम्हाला फोनशिवायही ऐकू आला. हसलो सगळेच, पण विचार करा, हाच प्रकार गडावर झाला असता, रेंज नाही, बॅटरी संपलेली, आणि पावसाची सर आलेली. त्या पोराकडे यादीतली एकूण एक वस्तू होती. सॅकचं वजन त्याच्या निम्म्याएवढं असेल, आणि त्यातलं काय कुठे आहे हे फक्त आईला माहीत.

मग खिचडी पोरांनीच करायची. तांदूळ किती, पाणी किती, स्टोव्ह कोण पेटवणार, भांडी कोण घासणार यावर जी भांडणं होतात ती गच्चीवरच झालेली बरी. मग पाणी. झोपायच्या आधी बाटली संपवायचीच, आणि रात्री प्रत्येकाने निदान एकदा जोडीने, टॉर्च घेऊन, जिना उतरून खाली वॉचमनच्या संडासात जाऊन यायचं, मुलींनीही आणि मुलांनीही, घरी जायचं नाही. पाळी चालू असेल तर वापरलेल्या पॅडचं काय करायचं, कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत परत आणायचं, हे तिथेच मुलींशी बोलून घ्यायचं, आणि मुलांशीही बोलायचं, कारण डोंगरावर कोणी एकदम मागे थांबली तर "काय झालं काय झालं" करत पाच जण गोळा होतात ते बंद व्हायला पाहिजे. गडावर संडास नसेल तर पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खड्डा खणायचा आणि माती लोटायची, हे सांगताना पोरं आधी फिदीफिदी हसतात, मग नीट ऐकतात.

रात्रीचे पहारे लावतो. दोघादोघांची जोडी, एकेक तास. हे काही माझं डोकं नाही, बेडन पॉवेलने ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडात ब्राउनसी बेटावर वीसेक मुलग्यांचा जो पहिला प्रयोग केला, ज्यातून पुढे स्काउट उभं राहिलं, त्यातही रोज रात्री एकेका तुकडीकडे पहारा असायचा. शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला. आपण मात्र बारावीपर्यंत पोराला रात्री जागं राहायला फक्त परीक्षेसाठी सांगतो.

आणि मग शेवटचा नियम, जो राजमाचीनंतर आला. प्रत्येक पोराने रात्रीतून एकदा मला किंवा दुसऱ्या दादाला झोपेतून उठवायचं आणि काहीतरी तक्रार सांगायची. खोटी चालेल. थंडी वाजतेय, पोट दुखतंय, भीती वाटतेय, शेजारचा घोरतोय, काहीही. आणि आम्ही उठून बसायचं, ऐकायचं, काहीतरी करायचं, वैतागायचं नाही. अठरा पोरं म्हणजे रात्रभर झोपेचं खोबरं, दुसऱ्या दिवशी माझं डोकं ठणकत असतं. पण गंमत बघा, पहिल्या चार-पाच तक्रारी खोट्या असतात, खिदळत सांगितलेल्या, आणि दोन-तीन वाजता कधीतरी एखादं खरं काहीतरी बाहेर पडतं. एकाने सांगितलं की तो अजून कधीकधी अंथरूण ओलं करतो म्हणून त्याला कॅम्पला यायचंच नाहीये, पण बाबांना सांगता येत नाही. तेरा वर्षांचा मुलगा. दिवसाउजेडी त्याने हे मला जन्मात सांगितलं नसतं. त्याच्यासाठी वेगळी चादर आणि पहाटे कोणाला कळू न देता उठवणं एवढं केलं, आला तो कॅम्पला. काही झालं नाही, आणि झालं असतं तरी निभावलं असतं.

आता म्हणाल, गच्चीवर मण्यार थोडीच येते? नाही येत. (डोंबिवलीत कधीकधी येतेही, पण ते जाऊदे.) पण मण्यारीचंच उदाहरण घ्या, कारण मुक्कामाच्या बाबतीत आपल्याकडे तिच्याइतकी महत्त्वाची गोष्ट दुसरी नाही आणि कुठल्याही पीडीएफमध्ये मी ती बघितलेली नाही. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे आपले चार मुख्य विषारी साप. त्यातली मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा फार दुखत नाही, सूज जवळजवळ येत नाही, दात लागलेले नीट दिसतही नाहीत. माणूस कूस बदलतो आणि परत झोपतो. मग पहाटे पोटात कळा, पापण्या जड, बोलताना जीभ अडखळते, आणि पुढे श्वासाचे स्नायू काम करेनासे होतात. आता डोळ्यासमोर आणा, कॅम्पवर पहाटे पाचला एक मुलगा म्हणतो पोटात दुखतंय आणि डोळेच उघडत नाहीयेत. नव्वद टक्के लीडर काय म्हणतील? "चल ऊठ, नाटकं नकोत, सूर्योदय बघायचाय." आणि मुळात ते पोर सांगेल का? आधी कधी कोणाला रात्री उठवलेलं असेल तर सांगेल. म्हणून तो नियम.

बाकी काळजी तशी सोपी आहे. टेन्टची चेन बंद, उघड्यावर झोपणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली, त्याने डास तर अडतातच पण सापही अडतो. सकाळी बूट उलटा करून आपटायचा, विंचवासाठी. कोकणात लाल विंचवाने किती माणसं गेली आहेत आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मरण किती कमी केलं ही गोष्ट मी गच्चीवर भुताच्या गोष्टीऐवजी सांगते, पोरं तोंडाचा आ करून ऐकतात. शिवाय भुताची गोष्ट सांगायची आणि मग अर्ध्या तासाने "कोणाला सू ला जायचंय का" विचारायचं, हा मूर्खपणा आपण पिढ्यानपिढ्या करत आलोय. शेकोटीचे निखारे घमेल्यात घेऊन टेन्टमध्ये न्यायचे नाहीत, बंद जागेत त्याचा गॅस होतो, वास येत नाही आणि झोपेतच माणूस जातो. कड्याखाली आग्या मोहोळ असेल तर धूर करायचा नाही आणि डिओ मारायचा नाही. ही डिओची सूचना नववीच्या मुलांना फार जिव्हारी लागते.

आणि पाणी. मुरुडच्या समुद्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याच्या एका कॉलेजची सहल गेली होती, चौदा विद्यार्थी बुडाले. जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात हैदराबादकडचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी फोटो काढायला उतरले होते, वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं, चोवीस विद्यार्थी गेले. पाऊस नव्हता, काही नव्हतं. त्या मुलांना दोष द्यायचा नाहीये मला, अजिबात नाही, जबाबदारी मोठ्यांची असते. पण पन्नास जणांच्या घोळक्यात "मला हे बरोबर वाटत नाही, मी नाही उतरत" असं म्हणणं विसाव्या वर्षीही किती अवघड असतं ते आठवून बघा. आपण पोरांना शिस्त म्हणून जे शिकवतो ते बहुतेक वेळा सगळ्यांबरोबर चालायला शिकवतो. गच्चीवर म्हणूनच आम्ही एक खेळ घेतो, दादा लोक काहीतरी येडचाप सूचना देतात, उदाहरणार्थ चला सगळे कठड्यावर बसून फोटो काढू, आणि बघतो पहिला कोण नाही म्हणतंय. पहिल्या वर्षी कोणीच म्हणालं नाही. आम्हीच घाबरून थांबवलं. परत हा खेळ कठड्याजवळ घेतला नाही, अक्कल आली.

अपघात झाला की आपल्याकडे ठरलेलं असतं, एक परिपत्रक निघतं, सहलींवर बंधनं येतात, मुख्याध्यापक म्हणतात नकोच ती भानगड, आणि दोन वर्षांनी सगळं पहिल्यासारखं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली तेव्हा आठवडाभर सगळीकडे तेच, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच गर्दी. बंदीने मुलं घरात बसत नाहीत, ती शाळेशिवाय जातात, बाइकवर, रात्री, कोणाला न सांगता. दुसऱ्या बाजूला सरकारी कागद आहेत. २०१८ मध्ये साहसी पर्यटनावर जीआर आला, मग ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, सुरक्षेचे नियम पाळायचे वगैरे आहे. चांगलंच आहे ते, हवंच. आयोजक नोंदणीकृत आहे का हे विचाराच. पण यात तयारी आहे ती नेणाऱ्याची. जाणाऱ्या पोराची तयारी कोणाच्याच खात्यात नाही, शिक्षण खात्याला वाटतं पर्यटन खातं बघेल, शाळेला वाटतं आयोजक बघेल, आयोजकाला वाटतं पालकांनी सही केलीय. त्या सहीबद्दल माझी एक वकील मैत्रीण म्हणते की निष्काळजीपणा केला असेल तर असल्या कागदाने कोणी सुटत नाही, तो कागद फक्त पालकांनी नंतर गप्प बसावं म्हणून असतो.

पालकांच्या मीटिंगमध्ये विचारलं काय जातं? जेवणात काय आहे, जैन मिळेल का, फोटो कधी टाकणार. मी एकदा माझ्या भाचीच्या शाळेच्या मीटिंगला गेले होते तिथे विचारलं की रात्री दोन वाजता कोण जागं असणार आहे, नाव सांगा. सरांना वाटलं मी खोचक बोलतेय. मग विचारलं जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, सापाच्या विषावरची लस तिथे आहे का याची चौकशी केलीय का, फोन लागत नसेल तर रेंज कुठल्या टेकाडावर येते, आणि मुलींबरोबर जाणाऱ्या बाई किती, एकच असेल आणि तीच आजारी पडली तर? कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही एका मुलाबरोबर बंद टेन्टमध्ये एकटं राहायचं नाही हा नियम आहे का? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, नवीन नाहीये. एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर आलं नाही, आणि मागच्या बाकावरून एक बाबा म्हणाले, "मॅडम, एवढी भीती वाटते तर पाठवू नका ना." टाळ्या नाही पडल्या एवढंच.

पण सगळं शाळेवर ढकलूनही चालणार नाही. शिक्षक आधीच निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहार यात पिचलेले, त्यांनी अजून एक रात्र कुठून काढायची, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच म्हणते गच्चीची रात्र पालकांनी करावी. आणि पालकांनी आधी खरं बोलायला शिकावं. आमच्याकडे एक मुलगा आला होता, फॉर्मवर कुठलाही आजार नाही असं लिहिलेलं, आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात फिट्सच्या गोळ्या. आईला फोन केला तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही नेलं नसतं. खरंय तिचं, काही ग्रुप नाहीच नेत. आम्ही नेला, कड्याच्या बाजूला ठेवला नाही, झोप पूर्ण होईल हे बघितलं, गोळ्यांच्या वेळा लावल्या. लपवून आला असता आणि जागरणाने फिट आली असती तर? दमा असो, फिट्स असोत, अंथरूण असो, नेणाऱ्याला माहीत पाहिजे. आणि आणखी एक, निघताना मिठी मारून "नाही आवडलं तर मी लगेच येते हां न्यायला" असं म्हणू नका. प्रेमाने म्हणता, कळतं मला, पण ते पोर मग रात्रभर त्या वाक्यावर बसून राहतं. त्यापेक्षा सांगा, पहिल्या रात्री घरची आठवण येते, सगळ्यांनाच येते, आली की ताईला उठव.

मुलींच्या पालकांबद्दल वेगळं बोलायला हवं. दरवर्षी पाच-सहा मुलींचे फॉर्म शेवटच्या आठवड्यात मागे घेतले जातात, कारण आजी नको म्हणाली, काका नको म्हणाले. मी पूर्वी वाद घालायचे. आता म्हणते, गच्चीवर तर पाठवा, आणि वाटलं तर रात्री कधीही वर येऊन बघून जा. येतात. एक आजोबा रात्री बाराला काठी टेकत वर आले होते, नात पहाऱ्यावर होती, तिने टॉर्च त्यांच्या तोंडावर मारून विचारलं, "कोण आहे? नाव सांगा." आजोबा परत गेले आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म आला.

यंदाची रात्र येत्या शनिवारी आहे, सोळा पोरं, त्यातली नऊ मुली. गच्चीसाठी सोसायटीला रीतसर अर्ज दिला होता. सेक्रेटरी काकांनी दोन दिवस ठेवून घेतला, मग कमिटीत चर्चा केली, टाकीकडे जायचं नाही, दहानंतर गाणी नाहीत, खिचडीचा स्टोव्ह लिफ्टच्या खोलीपासून लांब. सगळं बरोबर आहे त्यांचं, मी असते तर हेच लिहिलं असतं. आणि मग अर्जाच्या खाली, सुवाच्य अक्षरात, काही बरंवाईट झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.

सही करून चावी घेतली.